तारखेची जागा

तीस वर्षं मौलाली पेंटरनं कोल्हापुरात पाट्या रंगवल्या. मजकूर पटला नाही तर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ब्रश डब्यात टाकून "दुसरीकडं जावा" म्हणायचा. मग फ्लेक्स आला, हातचं काम गेलं आणि बावन्नाव्या वर्षी तो पोराच्या वयाच्या मालकाकडं कॉम्प्युटरवर बसला. मालकानं पहिल्याच दिवशी सुनावलं, "चाचा, आता तुम्ही पेंटर न्हाय. दिलंय ते छापायचं. नको ती चौकशी केली तर उद्यापास्नं येऊ नका."

एका दुपारी दोघं आले. "श्रद्धांजलीचा बोर्ड काढा. मल्लूअण्णांचा."

मौलालीचा माऊसवरचा हात थांबला. सकाळीच मल्लूअण्णा स्वतः आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन गेले होते, वर त्याला चहा पाजून.

"कवा गेले? सकाळी तर हितं बसलेले."

"फोटो त्योच घ्या, वाढदिवसाचा."

"आणि तारीख?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "तारखेची जागा मोकळी सोडा, चाचा. सांगतो की एक-दोन दिसांत."

मौलालीनं काउंटरकडं पाहिलं. मालकानं सगळं ऐकलं होतं आणि तो मान खाली घालून पावती फाडत होता.



मौलालीनं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "साईज काय ठेवू, पावणं?"