मेहुण्याचा फोन

"नमस्कार. मी नोकरीसाठी माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीतून बोलतोय. तुमच्या ऑपरेटरबाईंना फोन देता का?"

बाईंनी आवाज लगेच ओळखला. न ओळखायला काय झालं! हा मेहुणा.

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे मेहुणाच म्हणायचे. इथली चांगली माणसं हेरायची आणि दुसऱ्या कंपन्यांना मिळवून द्यायची, हा त्याचा धंदा. पण त्या माणसांपर्यंत पोचायचं तर वाट बाईंच्या टेलिफोन बोर्डावरून. पहिल्यांदा त्याने ड्रॉइंग विभागाच्या प्रमुखाचा मेहुणा म्हणून फोन केला होता. आता ज्याला बहीण नाही, बायको नाही, त्याला मेहुणा येणार कुठून? बाईंनी तसं विचारलं, तर पठ्ठ्याने फोनच ठेवला. पुढे तो कोणाचा घरमालक झाला, कोणाचा दातांचा डॉक्टर, एकदा तर कोणाच्या मुलाच्या शाळेचा मुख्याध्यापक. बाईंनी त्याला एकदाही आत सोडला नाही.

"ऑपरेटरबाई जागेवर नाहीत," बाई म्हणाल्या. "काही निरोप?"

"अहो, तुम्हीच ना त्या?"

"आम्ही आमच्या माणसांची माहिती बाहेर देत नाही." आणि बाईंनी फोन तोडला. सवय, दुसरं काय!

पाठीमागे भिंतीला भोकं पाडणं चाललं होतं. नवं यंत्र बसत होतं. उद्यापासून तेच सांगणार, विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. "वाईट वाटून घेऊ नका, बाई," मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "पण इकडचा फोन तिकडे द्यायला आता माणूस कशाला हवा?" वाईट कसं वाटणार नाही? बाई कधीच्या जाहिराती धुंडाळत होत्या. सगळ्यांना हवी होती तिशीच्या आतली आणि हसतमुख. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, आणि हसतमुख म्हणाल तर समोरच्यावर अवलंबून. इतके अर्ज केले, पण नाही म्हणायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत. आज संध्याकाळी बोर्ड बंद झाला की नोकरी संपली, आणि पुढे काय, ते घरी कोणी विचारत नव्हतं म्हणून बरं.

आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो आज कोणाचा कोणी झाला नव्हता. एजन्सीतून बोलतोय म्हणाला होता. ऑपरेटरबाई हव्यात म्हणाला होता.

"अगं बावळटे!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलास की गं!"

भोकं पाडणारा फिटर दचकून थांबला. "मला काही म्हणालात?"

"तुम्हाला नाही हो. चालू द्या."

मेहुण्याचा नंबर बाईंकडे नव्हता. हाकलायच्या माणसाचा नंबर कोण विचारतं? बाई बोर्डाकडे बघत बसल्या. दिवा लागला की झटकन फोन घ्यायच्या, आणि निघायचा कोणीतरी गळक्या पंपाची तक्रार करणारा. एक आला, दुसरा आला. बाईंनी सगळ्यांना नीट जोडून दिलं.

मग पुन्हा दिवा लागला.

"हॅलो, मी तुमच्या ऑपरेटरबाईंचा मामा बोलतोय. गावाहून. जरा अर्जंट होतं."

बाईंनी तोंडावर पदर धरला, तरी हसू फुटलंच.

"बोला मामा. भाचीच बोलतेय."

"हुश्श! बाई, जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, तर तुम्ही फोन आपटलात. म्हटलं, आपलं नेहमीचंच बरं."

"कामाचं बोला."

"काम तुमच्याकडेच आहे. एवढ्या कंपन्यांत फोन करतो मी. सगळीकडे आत शिरलो. तुमच्याकडून एक माणूस काढता आला नाही मला. एक! आवाज ऐकला की तुम्हाला कळतं समोर कोण आहे ते. ऐकलं, तुमची जागाच रद्द होतेय. आमच्याकडे या. माणसं शोधायला, त्यांच्याशी बोलायला. ज्याने हरवलं त्याला आपल्यात घेतलेलं बरं, नाही का?"

इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कोणी एवढी वाक्यं सलग बोललं नव्हतं, आणि बोलला कोण, तर हा लबाड! पण आवाजात त्यांनी काही येऊ दिलं नाही.

"माझं वय माहीत आहे?"

"फोनवर वय दिसतं होय?"

"एक अट आहे. मी कोणाची मावशी-बिवशी होणार नाही. कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, ते खरं सांगूनच फोन करणार."

"अहो, मग माणसं कशी मिळायची?"

"खोटं बोलून आमच्याकडची किती मिळाली?"

पलीकडे मग मेहुणा खदखदून हसला. "सोमवारी या, बाई. पत्ता लिहून घ्या."

बाई पत्ता लिहीत होत्या तेवढ्यात मॅनेजरसाहेब यंत्र कुठवर आलं ते बघायला बाहेर आले. बाईंचा चेहरा बघून थबकले.

"मेहुणा होता वाटतं? आज कोणावर डोळा होता त्याचा?"

बाईंनी हेडफोन काढून केस सारखे केले.

"माझ्यावर."

साहेबांना मोठी गंमत वाटली. "मग? दिलात ना नेहमीसारखा हाकलून?"

"दिला होता, साहेब," बाई म्हणाल्या. "पण परत आला, आणि घेऊन गेला मला."