आमच्या मापाचं काउंटर

लहानपणी कुठल्याही दुकानात टाचा उंचावून ओरडावं लागायचं. फक्त गल्लीतल्या बेकरीचं काउंटर बुटकं होतं. तिथली ताई थेट डोळ्यांत बघून विचारायची, "बोला शेठ, काय देऊ?" मालकांनी ते खास आम्हा पोरांसाठीच करून घेतलंय, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

आज माझ्या नव्या दुकानात सुतारकाकांनी माप विचारलं. मी कमरेखाली हात धरला.

"एवढं बुटकं? पोरांसाठी का?"

"लहानपणी बेकरीतलं असंच काउंटर बघून मलाही तसंच वाटायचं. तिथली ताई व्हीलचेअरवर बसायची, हे फार उशिरा लक्षात आलं."

"मग तुमच्याकडे कोण बसणार आहे?"

"अजून कुणीच ठरलं नाही."

काका वैतागले. "मग आत्तापासून कशाला?"

"कुणी काम मागायला आलं, तर काउंटर बघून दारातूनच परत जायला नको."