केळवणाची खीर

शाल्मलीला आईच्या मागे मालूआत्याने वाढवलं होतं, त्यामुळे पहिलं केळवण तिच्याकडेच होतं. पाटाभोवती रांगोळी होती आणि वाटीत खपली गव्हाची खीर होती. शाल्मलीने पहिला घास घेतला, पण तो भुसा कोंबल्यासारखा तोंडात पडून राहिला.

"गिळ की गं! लहानपणी पातेलं खरवडायचीस."

"आत्या, ते इंजेक्शन..."

"वजनाचं ना? माझ्या जावेची सूनही घेते. थोडंच खाते, पण चवीनं खाते."

"तिला विमा आहे. मी कंत्राटी, मला कोण देणार? साखर वाढली होती म्हणून मी बिस्कीट कंपनी फुकट देते ते इंजेक्शन घेतलं. त्यानं सगळी भूक मरते, त्यांच्या निळ्या पाकिटातल्या बिस्किटांची तेवढी राहते."

"म्हणजे माझ्या हातचं आता कधीच नाही?"

"बंद केलं तर साखर पुन्हा चढेल, आत्या."

शाल्मलीने डोळे मिटून दुसरा घास घेतला. तो घशातूनच परतला.

आत्या उठली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ते निळं पाकीट घेऊन आली. ते फाडताच शाल्मलीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिची तिलाच लाज वाटली. आत्याने खिरीची वाटी बाजूला सारली, चांदीच्या ताटलीत बिस्किटं मांडली आणि केळवणात करतात तसा आग्रह सुरू केला.

"अजून एक घे गं, माझ्यासाठी."

आग्रहाची गरजच नव्हती. शाल्मलीचा हात आधीच ताटलीत गेला होता.