कोयतेवाल्याच्या शेजारची जागा

"उचल ते टेबल," म्हातारा आदुसे म्हणाला. "जागा माझी आहे."

"रिकामी दिसली," सेरवा म्हणाली, आणि शेगडीत कोळसे घालू लागली.

आदुसे कोयते, कुलुपं, बिजागऱ्या विकायचा. बाजारात त्याच्या दोन जागा होत्या. एकीत तो बसायचा, शेजारची भाच्यासाठी राखलेली. पुरुषाचं जे काही असेल ते बहिणीच्या मुलाचं. पोटच्या पोरांनी त्याची आशा धरू नये, ही आशांती लोकांची रीत. भाचा आंत्वी महिनाअखेरीस कुमासीहून येऊन तिथे दुकान मांडणार, हे अख्ख्या रांगेला ठाऊक होतं.

आणि मध्येच ही बाई. टेमाच्या बंदरावरचा कापड कारखाना बंद पडला, सात महिने दारोदार फिरूनही काम मिळालं नाही, म्हणून केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकायला आलेली. तिच्याजवळ होतं नव्हतं ते त्या शेगडीत आणि टेबलात गेलं होतं. ही जागा गेली तर दुसरी मिळायची नव्हती.

रांगेने तिला पहिल्या दिवसापासून वाळीत टाकलं. पाणी कुणी देईना. तिसऱ्या दिवशी तिचं कोळशाचं पोतं गटारात सापडलं. मिरचीवाली दुफी तर तिच्या टेबलाखालीच खरकटं पाणी ओतायची आणि वर म्हणायची, "पाय भिजले का गं, बाई? समुद्राकडची ना तू, सवय असेल."

पण आदुसेची सर कुणालाच नव्हती. फाटकाशी पास्टर रोज सकाळी कर्णा लावून शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून गाऊन सांगायचा. काय गोड गळा त्याचा! पण आदुसेचा आवाज त्याच्याही वर जायचा. लोकहो, ही केळी बघा, वरून कोळसा, आतून कच्ची, असं तो चौकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचा. विस्तव मंद ठेवायची अक्कल नाही. शेंगदाणे खवट. पहाटे दक्षिणेच्या फाटकावर चांगला माल उतरतो, तिथवर चालायचे कष्ट नकोत भवानीला.

लोक थांबायचे, हसायचे. थांबलेच आहेत तर एखादं केळं घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी विस्तव मंद असायचा. शेंगदाणे ताजे असायचे. मग आदुसे दुसरी खोड काढायचा.

दुफीला मात्र वेगळीच काळजी लागली होती. या बाजाराचा एक जुना नियम होता. रिकाम्या जागेवर कुणी माल मांडला आणि धन्याने एकवीस दिवसांत तो स्वतःच्या हाताने उचलून बाहेर ठेवला नाही, तर जागा मांडणाऱ्याची. दुसऱ्याने उचललेलं चालत नाही. नुसत्या शिव्याही चालत नाहीत.

"अहो, दिवस भरत आले," ती त्याला म्हणाली. "टेबल उचला."

आदुसे म्हणाला, पाठ धरली आहे. दोन दिवसांनी म्हणाला, परक्या बाईच्या चुलीला हात लावू का आता या वयात? मग म्हणाला, आंत्वी येऊ दे, त्याच्यासमोरच उचलतो. दुफीने लॉरीवाल्याबरोबर भाच्याला निरोप धाडते म्हटलं, तर हा खेकसला की माझ्या भाच्याला निरोप मी धाडेन, तू मिरच्या विक.

आंत्वी बाविसाव्या दिवशी उगवला. निरोप त्याला आदल्या संध्याकाळी मिळाला होता.

प्रकरण बाजाराच्या राणीपुढे, म्हणजे विकणाऱ्या बायकांच्या म्होरकीपुढे गेलं. पोकुवाआजी टोमॅटोंच्या पेट्यांमध्ये बसूनच न्याय करायची. तिने आदुसेला एवढंच विचारलं, की टेबलाला एकदा तरी हात लावलास का. आदुसे मान खाली घालून म्हणाला, नाही.

आंत्वीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आजी, यात काहीतरी शिजलंय. हिचं कूळ विचार. आमच्यातलीच कुणी असेल, मामाने लपवून आणलेली."

पोकुवाआजी वळली. "तुझं कूळ कोणतं गं, पोरी?"

"आईचं आसोना. तेच माझं."

आदुसे ओयोको कुळाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आसोना म्हणजे परकी. संशय तिथेच मिटला. माणसाची ओळख आईकडून, त्यापुढे इथे कुणी काही विचारत नाही.

"मग जागा तिची," पोकुवाआजी म्हणाली. "नियम माझ्या आजीच्या आजीचा आहे. तुझ्यासाठी मी तो मोडायची नाही."

आंत्वी मामाच्या पायापुढे थुंकला. म्हणाला, बायकांसारखा तोंडाने भांडत बसलास, हात काय झडले होते? घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगतो, म्हाताऱ्याला साधी एक जागा राखता आली नाही. आदुसेने सगळं ऐकून घेतलं. मग सेरवाकडे वळून तिला, तिच्या केळ्यांना आणि तिला जन्म देणाऱ्या बाईला अशा काही शिव्या घातल्या, की दुफीनेसुद्धा कानावर हात ठेवले.

दुपार कलली. रांग पांगली. आदुसे कोयते गोणपाटात गुंडाळत होता. सेरवा शेगडीतली राख काढत होती. दोघांच्या पाठी एकमेकांकडे होत्या.

"उद्या धूर माझ्याकडे आला तर याद राख," तो ओरडला.

दुफी टोपली डोक्यावर घेऊन वळणाआड गेली. सेरवाने मान वर न करता, हलक्या आवाजात विचारलं,

"बाबा, आईला काय सांगू?"

"सांग," आदुसे म्हणाला, "हरलो म्हणून."