मापाचा दाणा

सातवी वाटी भरून यांगडोलने मापासाठी जवाचा दाणा उचलला. काठाखाली एक दाणा जागा, दोन वाट्यांत एक दाणा अंतर. पाणी सकाळी बुद्धापुढे मांडायचं, संध्याकाळी ओतून वाट्या पालथ्या घालायच्या. चाळीस वर्षांत नेम चुकला नव्हता.

"आचे-ले, आहेस का?" खालच्या शेतातली कुंझेस दारात उभी होती. यांगडोलला ती थोरल्या बहिणीच्या मानाने आचे म्हणायची. तिने हातातली लोंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली. कोंडा उडाला. तळव्यावर काही राहिलं नाही.

"सगळं शेत असंच," ती हसली. "आमचा म्हातारा म्हणतो, कुणीतरी पाणी चोरतंय. मी म्हटलं, गप बसा. डोंगराकडे बघा, बर्फच राहिला नाही तर चोरणार काय? आचे सांगते ते खरं. काही टिकत नाही. तेवढं एक पक्कं धरलं की रडू येत नाही."

यांगडोलनेच तिला हे सांगितलं होतं, याच दारात. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि त्याच दुपारी, कुंझेसच्या पाण्याच्या पाळीला, यांगडोलने पाटातलं ढेकूळ सरकवून पाणी आपल्या शेतात घेतलं होतं. एक माळ जपून होईपर्यंत. नंतर आणखी दोनदा. पाणी तरी कुणाचं असतं, असं मनाशी म्हणत.

"जरा प्रार्थना कर आमच्यासाठी," कुंझेस म्हणाली. "तुझं ऐकतात वर."

यांगडोलच्या हातातला दाणा खाली पडला.

"बर्फ गेलाच गं," ती म्हणाली. "पण जे उरलं होतं ते मी नेलं. तुझ्या पाळीचं. तीनदा."

कुंझेसने खिडकीतून बाहेर पाहिलं. यांगडोलचा जव वजनाने वाकला होता.

"आणि मला शिकवत होतीस, काही टिकत नाही म्हणून."

"माझं अर्धं पीक घेऊन जा."

कुंझेसने वाकून जमिनीवरचा दाणा उचलला, मुठीत धरला आणि पायऱ्या उतरून गेली.

यांगडोलने एकेक वाटी ओतली आणि सातही पालथ्या घातल्या. ऊन अजून उंबऱ्यालाही लागलं नव्हतं.