वाघ आणि बकऱ्या

प्लेगाचं साल होतं. सरकारविरुद्ध लिहिणारे एकेक करून तुरुंगात जात होते. तरी गिरगावातले त्र्यंबक राणे आपल्या साप्ताहिकात चित्रं छापत: कधी बकऱ्यांची नाडी तपासणारा वाघ काढत, कधी उंदरांच्या घरात झडतीला शिरलेलं मांजर काढत. चाळीतले लोक दार लावून हसत.

सरकारी कचेरीत भाषांतरकार असलेले तात्या कीर्तिकर मात्र दुसऱ्या वर्तमानपत्रात दर वेळी टीका करत, 'पोरकट जनावरं. अर्थ काही नाही.'

शेवटी राण्यांचं डोकं फिरलं. या शनिवारी त्यांनी उत्तर छापलं. वाघ कोण, मांजर कोण, सगळं नावानिशी.

संध्याकाळी तात्या धापा टाकत जिना चढून आले. आत येऊन त्यांनी आधी कडी लावली.

"आता कळला का अर्थ?" राणे म्हणाले.

"पहिल्याच चित्राला कळला होता." तात्या म्हणाले. "दर अंक आला की साहेब मलाच विचारायचा, यात काय आहे? मी म्हणायचो, काही नाही. त्याला खरं वाटावं म्हणून तेच वर्तमानपत्रातही लिहायचो."

"मग?"

 

"आज त्याने विचारलंच नाही."