अंघोळीची गाडी

अंघोळीची गाडी आपल्याच दारात येऊन उभी राहिलेली पाहिली आणि सू-युन हातातलं काम टाकून बाहेर आली.

गाडी नवी कोरी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन अंघोळ घालायची, म्हणून गावाच्या सेवा मंडळाने अनुदान मिळवून घेतलेली. आत गरम पाण्याची टाकी, घडीचा टब, सोबत नर्स. जिआयी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर असली दुसरी गाडी नव्हती. सू-युन त्या मंडळाची खजिनदार. अनुदानाचा नियम तिनेच सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत वाचून दाखवला होता: सभासदाने किंवा त्याच्या घरच्यांनी यातला थेंबही वापरायचा नाही.

"चला वहिनी, पाणी तापलंय!" मंडळाचा अध्यक्ष चिन-शान खाली उतरला. टायरच्या दुकानाचा मालक. त्याचं कुजबुजणंही मासळीच्या तळ्यापलीकडे ऐकू जायचं. "आधीच सांगतो, मिठागरावरच्या आजीची पाळी खाल्लेली नाही. जरा लवकर निघालो, एवढंच."

"कागद बघू."

गाडी कोणाकडे जाणार त्या कागदावर दोन लाल शिक्के लागत, एक अध्यक्षाचा आणि एक खजिनदाराचा. दोन्ही होते.

"हा मी कधी मारला, भावजी?"

चिन-शान बुटांकडे बघायला लागला. आपल्या नावाचा शिक्का मंडळाच्या खणात टाकून मोकळं व्हायचं, ही इथल्या सगळ्यांचीच खोड. दर वेळी कोण हेलपाटे घालणार? नियमावर नियम सांगणाऱ्या सू-युननेही तेच केलं होतं.

"तुम्ही नाहीच म्हणाला असता, म्हणून मी मारला," तो म्हणाला. "वान-फू माझा शाळेपासूनचा मित्र आहे, वहिनी. लकवा झाल्यापासून तुम्ही त्याचं अंग नुसतं ओल्या फडक्याने पुसताय. मला नाही बघवत."

"मला बघवतं का?"

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून शिक्का काढून दिला. तिने कागदावरचं आपल्या घराचं नाव खोडलं आणि त्यावर आपला शिक्का उमटवला, कारण त्याशिवाय खोडलेलं कुणी धरत नाही. "इथे तुमचाही मारा," ती म्हणाली.

"दगड आहात तुम्ही. नुसता दगड," असं पुटपुटत चिन-शानने मारला.

तिला त्याचा राग आला नव्हता. उलट इतकी माया कोण करतं, असं वाटून तिला रडू फुटायच्या बेतात होतं. पण गाडी पहिल्यांदा खजिनदाराच्याच दारात आली, हे एकदा गावात झालं असतं, तर पुढच्या कुठल्या दारात ती मान वर करून उभी राहणार होती?

चिन-शानने कालच वान-फूच्या कानावर घातलं होतं, हे तिला आत गेल्यावर कळलं. नवऱ्याने चालत्या उजव्या हाताने सदऱ्याची सगळी बटणं सोडून ठेवली होती. किती वेळ लागला असेल, देव जाणे. तो दाराकडे डोळे लावून पडला होता.

"आली?"

"आली. पण आपल्यासाठी नाही हो."

लकव्याने त्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. "मग... मिठागरावरच्या आजीकडे... पाठव. पाणी... निवेल."

आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला. सू-युन त्याची बटणं लावत बसली. वरचं एक बटण काही केल्या काजात जाईना.

जेवणं उरकली आणि दारात फटफटाट झाला. मासळीचा धंदा करणाऱ्या आ-खुनची तीनचाकी होती. मागे मासळीचा मोठा निळा टब, आणि त्या टबात दोन्ही हातांनी कडा धरून अध्यक्ष बसलेला.

"वहिनी, कागद नाही, शिक्का नाही, अनुदान नाही!" तो तिथूनच ओरडला. "टब आ-खुनचा. शेगडी माझ्या बायकोची. तिला अजून सांगितलेलं नाही."

"आणि मासळी?"

"तिला सुट्टी दिलीय," आ-खुन म्हणाला. "टब पुन्हा पुन्हा घासलाय, पण वास राहणार हं, वहिनी. तेवढा चालवून घ्या."

अंगणात ताडपत्रीखाली टब मांडला. पाणी तापलं. कसं उचलायचं ते नर्सला फोनवर विचारून घेतलं होतं. वान-फूला चादरीत घेऊन तिघांनी उचललं. "हळू रे, हळू!" असं चिन-शान इतक्या मोठ्याने ओरडत होता की शेजारणी कुंपणाशी आल्या. कुणी हसलं नाही. एक जण घरातून आणखी एक किटली घेऊन आली.

वान-फू गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि त्याने डोळे मिटले. सू-युनने बाह्या वर सारल्या आणि त्याची पाठ चोळायला घेतली. पाण्याला मासळीचा वास होता. तिला तो अजिबात वाईट वाटला नाही.

तेवढ्यात त्याचा डावा हात हलला. रोज ती जो उचलून पुसायची आणि परत अंगाशी ठेवायची, तो निर्जीव हात मांडीवरून सुटला, पाण्याच्या आधाराने हळूहळू वर आला आणि तरंगत राहिला.

वान-फूने डोळे उघडले. कितीतरी वेळ तो त्या हाताकडे बघत होता.

"सू-युन," तो म्हणाला, "बघ... उचलला."